मागच्या खोलीतली व्यायामशाळा

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या ज्येष्ठ सभासद मेळाव्यातील भाषण. बोललो तसेच ठेवले आहे. आकडे तेवढे वही पाहून दुरुस्त केले.)



मला सांगितलं गेलं की पंधरा मिनिटं बोला, आणि विषय आरोग्याचा घ्या. मी डॉक्टर नाही. छत्तीस वर्षं बँकेत काढली, २०११ साली निवृत्त झालो, आता चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. त्यामुळे उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. पण आमच्या घरातल्या मागच्या खोलीचं काय झालं, हे मी सांगू शकतो. त्यात पैशाचा हिशेब आहे, चुकांचा हिशेब आहे, आणि एक कबुलीजबाबही आहे. तो शेवटी नाही, मध्येच येईल.

जानेवारी २०२४. सकाळचे साडेसहा. मागच्या खोलीतल्या माळ्यावरून गरम पाण्याची पिशवी काढायला मी स्टुलावर चढलो आणि उतरताना पाय सटकला. हाड मोडलं नाही, डोकं आपटलं नाही, देवाची कृपा. पण मला उठता येईना. शंभर टक्के शुद्धीवर, दुखत फारसं नाही, आणि तरी उठता येत नाही! हातांनी रेटा दिला, पलंगाला धरलं, काही उपयोग नाही. आमच्या सौभाग्यवतींनी काखेत हात घालून उचलायचा प्रयत्न केला तेव्हा त्यांचीच कंबर धरायची वेळ आली. शेवटी त्यांनी खाली फोन केला. आपले वॉचमन आणि वरच्या मजल्यावरचा कॉलेजात जाणारा मुलगा अशा दोघांनी मला पोत्यासारखं उचलून खुर्चीत ठेवलं. त्या मुलानं जाताना विचारलं, "आजोबा, आणखी काही हवंय का?" इतक्या अदबीनं विचारलं की मला जास्तच लाज वाटली.

पस्तीस मिनिटं मी जमिनीवर होतो. त्या पस्तीस मिनिटांत खोलीचं छत नीट पाहून झालं, आणि एक हिशेबही झाला. आपण जमिनीवर शेवटचं कधी बसलो होतो? आठवेना. जेवण टेबलावर, पूजा स्टुलावर बसून, पेपर आरामखुर्चीत. माझे वडील औंध संस्थानातल्या शाळेत शिकलेले. तिथे राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते. वडील पंच्याहत्तराव्या वर्षीही पाटावर बसून जेवत आणि हात न टेकता उठत. आणि त्यांचा मुलगा, बँकेच्या गोल फिरणाऱ्या खुर्चीत तीन तपं काढलेला, स्वतःच्या घरात जमिनीवर पडला तर दोन माणसं लागतात.

नंतर फिजिओथेरपिस्टकडे गेलो. त्या बाईंनी यंत्रबिंत्र काही काढलं नाही. एक साधी खुर्ची ठेवली. म्हणाल्या, हात छातीवर घडी करा आणि तीस सेकंदांत जितक्या वेळा उठबस होईल तितकी करा. माझ्या वयाच्या पुरुषाला निदान १२ जमायला हव्यात. मला ७ जमल्या. बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही रोज फिरायला जाता ते चांगलंच आहे. पण फिरण्यानं मांड्यांना हवी तेवढी ताकद येत नाही, आणि तोलही सुधारत नाही." जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली पासष्टीच्या पुढच्यांसाठी जे सांगितलंय तेही त्यांनी कागदावर लिहून दिलं: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं दमछाक न होता घाम येईल इतपत हालचाल, दोन किंवा जास्त दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम, आणि तोल व ताकद एकत्र साधणारे व्यायाम आठवड्यातून तीन किंवा जास्त दिवस. माझ्या खात्यात पहिली नोंद होती. बाकीच्या दोन्ही रकान्यांत शून्य.

आता व्यायाम करायचा तर कुठे? हॉलमध्ये टीव्ही आणि येणारेजाणारे. बेडरूममध्ये पलंग सोडून उरते ती जागा उभं राहून शर्ट घालण्यापुरती. राहिली मागची खोली. दहा बाय अकरा.

ही खोली आमच्या मुलाची. आपण सगळे २००० साली इथे राहायला आलो तेव्हा तो अकरावीत होता. दाराच्या मागच्या भिंतीवर त्यानं पेन्सिलीनं फिजिक्सची सूत्रं लिहून ठेवली होती. २००८ साली तो कॅनडाला गेला. तेव्हापासून दोनदा घराला रंग दिला, पण ती दाराएवढी भिंत आमच्या घरी रंगाऱ्याला सोडून द्यावी लागते. त्याचा पलंग, टेबल, बॅट सगळं जागच्या जागी. मी खोलीचा विषय काढला तेव्हा उत्तर आलं, "तो आला की झोपणार कुठे?"

इथे मी चूक केली. बँकेतला माणूस, वही काढली. पंधरा वर्षांत तो किती रात्री त्या खोलीत झोपला ते मोजलं. ११८ रात्री निघाल्या. म्हटलं, बघ, वर्षाला आठ दिवसही पडत नाहीत. ही काहीच बोलली नाही. स्वयंपाकघरात गेली आणि भांडी जरा मोठ्यानं लावली. दोन दिवसांनी म्हणाली, "तुम्हाला रात्री मोजता आल्या. खोली रोज मी झाडते, ते दिवस मोजले का?"

मग मी महिनाभर विषय काढला नाही. तो काढला तिनंच. एका रात्री दिवा मालवल्यावर म्हणाली, "तुम्हाला उचलायला दोघं जण आले. मी पडले तर तुम्ही काय करणार?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला तेव्हा तिनंच त्याला सांगून टाकलं. तो म्हणाला, "अगं, गादी हॉलमध्ये टाकू, त्यात काय एवढं?" आम्ही महिनाभर जे घोळवत होतो त्याचा त्यानं एका वाक्यात निकाल लावला. मात्र दारामागची भिंत जशीच्या तशी ठेवायची, ही अट मान्य झाल्यावरच पलंग हलला.

आता कामाचं सांगतो, कारण तुमच्यापैकी चार-पाच जणांनी मला जिन्यात थांबवून विचारलंय.

पहिली गोष्ट, समितीला अर्ज. आपल्या उपविधीनुसार सदनिकेत फेरबदल करायचा तर समितीची लेखी परवानगी लागते. मी स्वतः सहा वर्षं खजिनदार होतो, तेव्हा दुसऱ्यांना हे सांगत असे. आता स्वतः अर्ज लिहिला. समितीनं स्ट्रक्चरल इंजिनिअरचं मत मागितलं, आणि ते बरं झालं. इंजिनिअरसाहेबांनी सांगितलं की राहत्या घराची जमीन साधारणपणे चौरस मीटरला दोनशे किलो भार धरून आखलेली असते. आमची खोली सुमारे दहा चौरस मीटर, म्हणजे सगळीकडे सारखा पसरलेला भार दोन टनांचा. ऐकायला पुष्कळ वाटतं. पण जड वस्तू एकाच ठिकाणी, तीही खोलीच्या मध्यावर ठेवली किंवा वजन वरून आपटलं तर हिशेब बदलतो. जड सामान भिंतीकडेला, तुळईच्या जवळ ठेवायचं. आणि बाल्कनी व्यायामाच्या सामानासाठी अजिबात वापरायची नाही. कॉलमला, बीमला भोकं पाडायची नाहीत. हे सगळं मी लिहून घेतलं.

दुसरी गोष्ट, काय विकत घ्यायचं नाही. सगळे म्हणाले, ट्रेडमिल घ्या. बँकेत आम्ही काय करायचो? हप्ता नव्वद दिवसांपेक्षा जास्त थकला की ते कर्ज अनुत्पादक, म्हणजे एनपीए. या इमारतीत मी अशा तीन ट्रेडमिल पाहिल्यात ज्यांच्यावर टॉवेल वाळतात. नावं सांगत नाही, घाबरू नका! मी नियम केला: जो व्यायाम साधनाशिवाय नव्वद दिवस केला, त्याचंच साधन घ्यायचं. ट्रेडमिलला शिवाय मागच्या बाजूला पाच-सहा फूट मोकळी जागा सोडावी लागते, माणूस मागे फेकला गेला तर भिंतीवर आदळू नये म्हणून. दहा बाय अकरात ते कसं जमायचं? आणि चालायला तर आपला परिसर आहेच.

तिसरी गोष्ट, भिंत. मला धरायला दांडा हवा होता. सुतार म्हणाला, कुठेही ठोकतो. पण आपल्या आतल्या भिंती बहुतेक चार इंची, अर्ध्या विटेच्या. माणसाचं वजन ऐनवेळी त्यावर आलं तर दांडा विटेसकट हातात येईल. बाहेरची भिंत जाड आहे, तिथेच बसवला. सागवानी गोल दांडा, मुठीत बसेल असा, जमिनीपासून चौतीस इंचांवर, लोखंडी कड्यांत. बोल्ट, कडी सगळं बोहरी आळीतून आणलं. बसवल्यावर सुताराला म्हटलं, आता तूच लोंबकळून दाखव. त्यानं दाखवलं, मगच पैसे दिले.

चौथी, पंखा. यात मी पुरता फसलो. आमच्या खोलीची उंची सव्वानऊ फूट, पंख्याची पाती सव्वाआठ फुटांवर. मी पाच फूट आठ इंच. हात वर केले की सव्वासात. पायाखाली सहा इंचांची पायरी घेतली आणि हातात काठी धरली की झालं! पहिल्याच आठवड्यात काठी पंख्याला लागली, पातं वाकलं, आणि काठी सुताराच्या डोक्यावरून गेली. तेव्हा छताचा पंखा काढला आणि भिंतीवरचा लावला. खोली आखताना जमीन सगळे मोजतात. हात वर करून उंचीही मोजा.

पाचवी, वीज. जुनं वायरिंग तपासून घेतलं, अर्थिंग पाहिलं आणि तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. घामेजल्या हातानं आपण बटणं दाबतो, हे लक्षात ठेवावं. सहावी, आरसा. तो मिरवायला नव्हे, पाठ सरळ आहे का ते पाहायला. मागून फिल्म लावलेला घेतला, म्हणजे फुटला तरी काचा विखुरत नाहीत.

सातवी, जमीन. टाइल गुळगुळीत, म्हणून मॅट हवीच. दुकानात दोन प्रकार दिसले. एक फोमची, रंगीत, मऊ, स्वस्त. दुसरी रबराची, काळी, जड. फोमवर पाय दबतो आणि तोल जातो; आम्हाला तर तोलच कमवायचा होता. म्हणून दहा मिलिमीटरची रबराची घेतली आणि मे महिन्यात टाकली.

आणि इथे तो कबुलीजबाब येतो.

जूनच्या शेवटी खोलीत कुबट वास यायला लागला. मॅट उचलली तर खाली काळी बुरशी. पाऊस म्हणावा तर बाहेरची भिंत कोरडी ठणठणीत. ओल होती ती न्हाणीघराच्या बाजूच्या भिंतीला, खालून वर चढलेली. प्लंबरनं टाइल फोडली. भिंतीत लपलेला जुना लोखंडी पाइप गंजून पाझरत होता, आणि फरशीच्या सांध्यांतूनही पाणी जात होतं. किती दिवस? तो म्हणाला, "साहेब, वर्षं विचारा."

मंडळी, माझ्या खाली राहणाऱ्या वहिनींच्या छतावर दोन वर्षं ओल होती. त्यांनी समितीकडे दोनदा लेखी तक्रार केली होती. दोन्ही वेळा मी उत्तर दिलं होतं, "आमच्याकडे गळती नाही." तपासायला प्लंबर आणला नव्हता. माझी फरशी कोरडी दिसत होती, तेवढ्यावर मी सही ठोकली होती. बँकेत मी एखाद्या क्लार्कला तपासणीशिवाय सही केली म्हणून मेमो दिला असता.

त्या संध्याकाळी मी खाली गेलो. सांगितलं, की वहिनी, चूक माझी आहे, पाइप माझा आहे, आणि तुमच्या छताचा खर्चही माझा. त्यांनी दार पूर्ण उघडलं आणि म्हणाल्या, "काका, पैशाचं राहू द्या. तुम्ही दोन वर्षं मला खोटं पाडलंत, त्याचं वाईट वाटलं होतं." मी ते ऐकून घेतलं. उत्तर द्यायचं नव्हतंच. आज या कार्यक्रमात, सगळ्यांसमोर सांगण्याची परवानगी त्यांच्याकडून घेतली आहे, आणि ज्यांच्यासमोर मी त्यांना खोटं पाडलं त्या सर्वांसमोर माफी मागतो.

पाइप बदलला, वॉटरप्रूफिंग केलं, भिंत दीड महिना वाळू दिली, मगच मॅट पुन्हा टाकली. माझा सल्ला ऐकायचाच असेल तर हा एक ऐका: खोलीला हात लावण्याआधी शेजारचं न्हाणीघर तपासा. मॅट, रंग, आरसा सगळं नंतर.

आता हिशेब. मॅट ११,२००, दांडा ३,८००, आरसा ४,६००, वीजकाम ५,३००, भिंतीवरचा पंखा २,४००, रंग ६,०००, खुर्ची, रबरी पट्टे, दोन आणि तीन किलोंचे डंबेल मिळून ४,७००. बेरीज ३८,०००. अंदाज होता ४०,००० चा, म्हणजे २,००० वाचले. त्यावर ओलीची दुरुस्ती, खालच्या छताच्या रंगासकट, २४,५००. एकूण ६२,५००. घरी विचारलं गेलं, "वाचलेले दोन हजार कुठे आहेत?"

खोलीत आम्ही करतो काय? फार काही नाही. खुर्चीवरून उठबस. दांडा धरून टाचा वर करणं. दांड्याला एक बोट लावून एका पायावर उभं राहणं, मग बोट काढून. भिंतीवर हात टेकून जोर. पट्टा ओढणं. श्वास रोखायचा नाही; रक्तदाबवाल्यांनी तर नाहीच, आणि सुरुवात करण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारायचं. वीस-पंचवीस मिनिटं, आठवड्यातून चार दिवस.

आणि आठवड्यातून दोनदा पडल्यावर उठण्याची तालीम. ती ऐकून ठेवा. पडलं की लगेच धडपडायचं नाही. आधी पडून राहून कुठे लागलंय ते पाहायचं. जबर दुखत असेल तर उठायचं नाही, हाक मारायची. ठीक असेल तर कुशीवर वळायचं. कोपर, मग हात टेकून रांगत्या स्थितीत यायचं. रांगत जवळच्या दणकट खुर्चीपाशी जायचं. दोन्ही हात खुर्चीवर, जो पाय जास्त बळकट तो पुढे टेकायचा, रेटा देऊन उठायचं आणि वळून खुर्चीत बसायचं. लगेच चालायला लागायचं नाही. एवढंच. हे मला त्या जानेवारीत माहीत असतं तर त्या मुलाचं कॉलेज बुडलं नसतं.

सुरुवातीला आम्ही सहालाच सुरू करायचो. चौथ्या दिवशी खालच्या वहिनी वर आल्या. "काका, पहाटे पाटा-वरवंटा काढता का हो?" खुर्ची सरकत होती आणि डंबेल ठेवताना धप्प होत होतं. आता खुर्चीच्या पायांना रबराची टोपणं आहेत, वजन हळू ठेवतो, आणि साडेसातच्या आधी काही नाही. आपल्या डोक्यावर कोणी राहतं आणि आपण कोणाच्या तरी डोक्यावर राहतो, हे पंचवीस वर्षांत शिकायला हवं होतं. मला डंबेलनं शिकवलं. गेल्या दिवाळीपासून त्या वहिनीही मंगळवार-शुक्रवार वर येतात. त्यांच्या गुडघ्यांना बरं वाटतंय म्हणतात.

खुर्चीवरची माझी उठबस आता तीस सेकंदांत १३ होते. आमच्या सौभाग्यवतींची १४. हे त्या पाहुण्यांना मुद्दाम सांगतात. गेल्या डिसेंबरात मुलगा आला. हॉलमध्ये गादीवर झोपला. त्याचा सात वर्षांचा मुलगा मात्र त्या रबरी मॅटवर लोळायला मिळतं म्हणून मागच्या खोलीतून बाहेरच येईना. दारामागची सूत्रं वाचून त्यानं बापाला विचारलं, यातलं एक चुकलंय का? चुकलेलं होतं. चोवीस वर्षं आम्ही ते जपून ठेवलं होतं.

शेवटची विनंती. प्रत्येकाच्या घरात मागची खोली नाही. आपल्या तळमजल्यावर जुना जनरेटर काढल्यापासून एक खोली रिकामी आहे. तिथे मोडक्या सायकली आणि गणपतीच्या मखराचे खांब आहेत. भिंतीला दोन दांडे, जमिनीवर रबर, सहा दणकट खुर्च्या, एवढंच लागेल. यंत्रं नकोत. मी समितीला अंदाजपत्रक दिलं आहे, यावेळी ओलीचा खर्च धरून. दांड्यांचे पैसे आमच्या दोघांकडून. सर्वसाधारण सभेत हा विषय येईल तेव्हा हात वर करा. हात वर करणं हाही व्यायामच आहे. फक्त वर पंखा नाही ना, तेवढं बघा.

सुवर्णमहोत्सवाला मी नव्व्याण्णव वर्षांचा असेन. आलो तर माझ्या पायांनी येईन.